उकिरड्यावरचे विदूषक

मीरा रोड,
२८ सप्टेंबर २०२५

ती. गिरिजाताईस,
साष्टांग नमस्कार. पाठीला चमक भरलीय म्हणून कागदावरच घालतोय.

घरी सगळे ठीक. आईचे गुडघे होते तसेच आहेत. पप्पांना रिटायर व्हायला वेळ आहे, पण ते आत्तापासूनच सराव करतायत. समिधाचे पडलेले दात परत आले का? आले असतील तर भावोजींना म्हणावं बोटं सांभाळा.

अक्षर आज थोडं वाकडं येईल. समोरच्या सोसायटीत गरबा लागलाय, खिडकीची काचसुद्धा नाचतेय. तू अक्षरावरून माझं खोटं पकडतेस म्हणून आधीच सांगतो, हे गरब्यामुळे आहे. लग्न करून संगमेश्वरला जाताना तूच अट घातली होतीस, ‘फोनवर नुसतं हां-हूं करतोस, महिन्याला एक पत्र टाकायचं.’ टाकतोय की नाही?

कामावर श्वास घ्यायला फुरसत नाही. दिवाळी जवळ आली की सगळ्या मीरा रोडला एकदम झुरळं आठवतात. पेस्ट कंट्रोलवाल्यांचा हाच सीझन. सकाळपासून पाठीला पंप, आणि बरोबर आमचे नाथाभाऊ. महाडचे, पंधरा वर्षं याच लायनीत. माणूस चांगला, पण घोरल्यासारखा बोलतो. कॉलेज सोडलं म्हणून तू अजून रडतेस, पण आज मला साहेब म्हणणारे लोक आहेत. ‘साहेब, किचनमधे जास्त मारा.’

आता बातमी. संपदा भेटली.

हो, तीच. जिच्यापायी मी फायनल इयरला प्रॅक्टिकलच्या लॅबमधे स्टूल फेकलं होतं. एका गाढवाने तिला, शेणातले किडे गोळा करते म्हणून, ‘शेणातली राणी’ म्हटलं, मी स्टूल उचललं, ते त्याला लागलं नाही, कपाटाला लागलं आणि जुन्या नमुन्यांची मोठी बरणी फुटली. मला वाटलं संपदा म्हणेल, माझ्यासाठी भांडलास. ती म्हणाली, ‘मी सांगितलं होतं का?’ प्राणिशास्त्राच्या मिनल मॅडमनी पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेवलं, मी म्हटलं पंधरा कशाला, कायमचाच जातो. आणि आलो निघून. संपदाने मला ब्लॉक केलं. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहितो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

ती आता एमएस्सीला आहे, मिनल मॅडमच्याच हाताखाली. विषय तोच, हिस्टेरिडी. इंग्रजीत त्यांना विदूषक भुंगेरे म्हणतात. मसुराएवढे, काळे, चकचकीत, टणक. पाठीवरची कवचं आखूड, मागून पोटाचे दोन तुकडे बाहेर, म्हणजे धुतल्यावर शर्ट आटलाय आणि तरी घालून फिरतायत असे दिसतात. मिशा कोपरात वाकलेल्या, टोकाला गोळा. काहीजण म्हणतात, कुळाचं नाव नटाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आलं. जगात चार हजारांच्या वर जाती आहेत, आणि ओळखायच्या कशा, तर पाठीवरच्या रेघा मोजून! कॉलेजमधे असताना ती मला भिंगातून रेघा दाखवायची. मी रेघा बघत नव्हतो, ते सोड.

लोकांना वाटतं हे शेण खातात. नाही. शेणात माशीच्या अळ्या होतात, त्या खातात. जिथे अळ्या, तिथे हे. म्हणून ती तीन ठिकाणी काम करतेय. डोंगरीला समुद्राकडे, जिथे सडकी मासळी टाकतात तिथे. एका पडलेल्या झाडाच्या सालीखाली, तिथले तर पत्त्यासारखे चपटे असतात. आणि वरसावेला, पुलाच्या अलीकडे, शेवंतीकाकींच्या तबेल्यातल्या उकिरड्यावर.

तर झालं असं. तबेल्याशेजारी नवा टॉवर झालाय. टॉवरवाल्यांची तक्रार, माश्या येतात. तबेला आधीचा, टॉवर नंतरचा, पण तक्रार तबेल्याची. शेवंतीकाकींनी वैतागून आमच्या शेठला फोन केला, आणि गुरुवारी मला आणि नाथाभाऊंना तिकडे धाडलं. काकी दारातच उभ्या. म्हणाल्या, “मारा काय मारायचा तो. पन माज्या म्हशींना काय झाला ना, तर तुझी हाडां मोडीन. मना ओळखत न्हाय तू.”

उकिरड्यावर बघतो तर बांबूच्या काड्यांना लाल रिबिनी बांधलेल्या, मधे मधे प्लास्टिकचे पेले पुरलेले. भुंगेरे चालता चालता पेल्यात पडतात आणि सकाळी मोजता येतात. कोणाचं काम आहे ते मला लगेच कळलं. दवा मारली असती तर तिचं वर्षाचं काम खलास. म्हणून मी काय केलं, नुसतं पाणी मारलं. काकींना वाटलं फवारणी झाली. संपदा आली, तिने बघितलं, भुंगेरे जिवंत. मला ‘थँक्यू’ म्हणाली. संध्याकाळी ब्लॉक काढलं. मिनल मॅडमना पण सांगितलं तिने, आणि मॅडम म्हणाल्या, त्याला भेटायला सांग, टर्म परत मिळते का बघू.

बघ! सोडलेलं कॉलेज घरी चालत आलं.

तुला वाटलं असेल पत्रात भांडण असणार. नाहीये. मला फार हलकं हलकं वाटतंय. झोप लागत नाहीये ती गरब्यामुळे.

भाऊबीजेला यायचं नक्की. ओवाळायचं ताट घासून ठेव.

तुझा शहाणा भाऊ,
साईराज



मीरा रोड,
८ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझं पत्र आलं. पाकीट जाडजूड दिसलं म्हणून खूश झालो, तर आत समिधाने रंगवलेला हत्ती आणि तुझी एक ओळ. ‘पंपात पाणी कोणी भरलं होतं?’

बाकी काही नाही. आशीर्वादसुद्धा नाही.

पोस्टमन खाली उभा होता तेव्हाच मी ती ओळ वाचली आणि कान गरम झाले. तुझ्यावर चिडलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं हिला संगमेश्वरात बसून काय कळतंय, हिने आयुष्यात पंप बघितलाय का. मग आईने विचारलं, काय म्हणते गिरिजा? म्हटलं, हत्ती पाठवलाय.

गरबा संपून आठवडा होत आला. अक्षर अजून वाकडंच आहे.

नाथाभाऊंनी भरलं होतं. ऐक.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. संध्याकाळी काम संपलं की टाकी साबणाने धुवायची आणि साधं पाणी भरून ठेवायचं. टाकी कोरडी राहिली तर आतले रबर आकसतात, नोझल तुंबतो. सकाळी ते पाणी ओतून टाकायचं आणि मग दवा कालवायची. दवेची बाटली नाथाभाऊंच्या पिशवीत असते, ते दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. वरसावेला पोचलो तेव्हा पंपात आदल्या संध्याकाळचं धुवणाचं पाणी होतं. दवा कालवायचीच होती.

हे मला माहीत असायला पाहिजे होतं. रोजचं काम आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पंप नव्हता.

लाल रिबिनी बघितल्या आणि मी वळलो, तर गोठ्याच्या पलीकडे संपदा. गुडघ्यापर्यंत गमबूट, केस वर बांधलेले. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा बघत होतो. आणि तिच्यासमोर एक उंच मुलगा, चष्मा, गळ्यात कॅमेरा. तो दोन्ही हातांनी तिच्या केसांत काहीतरी करत होता, आणि ती मान खाली घालून हसत होती. खदखदून. माझ्याबरोबर तशी ती कधी हसली नव्हती. मग दोघं पडलेल्या झाडाकडे गेले. मला तिने बघितलंच नाही.

नाथाभाऊ म्हणाले, “हे कोणाचंतरी काम आहे. थांब, काकीला विचारून येतो.”

मी थांबलो नाही. पंप पाठीला लावला आणि मारला, ताई. बरोबर रिबिनींवर. एकेका काडीपाशी थांबून, पेल्यांच्या आत नोझल घालून. शेणावर मारायचं तर सगळीकडे सारखं मारतात. मी तिच्या काड्या सोडून कुठेच मारत नव्हतो. मनात काय चाललं होतं ते लिहीत नाही, तू ओळखशील.

अर्धी टाकी झाली असेल. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक काडी घेतली आणि शेण उकरून बघितलं. आत ते होते. दहा, वीस, मग मोजायचं सोडलं. सगळे पाय पोटात घेऊन, डोकं आत ओढून, काळ्या मण्यांसारखे निपचित. काडीने ढकलले की घरंगळायचे आणि तिथेच राहायचे. एक पण हलत नव्हता.

हे भुंगेरे मेल्याचं सोंग करतात. मला माहीत आहे हे! धक्का लागला की पाय छातीखालच्या खाचांत घट्ट बसवतात आणि पडून राहतात, खाणाऱ्याला वाटतं खडा आहे. परीक्षेत आलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं. पण स्वतःच्या हाताने विष मारल्यावर कोणाला सुचेल की समोरचा सोंग करतोय? मला ते मेलेले दिसले, कारण मी मारले होते.

मी पंपासकट उकिरड्यावरच बसलो. मला तेव्हा तो चष्मेवाला आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं की ती पावसाळाभर पहाटेची बस पकडून इथे येत असणार, आणि हे पेले तिने एकेक करून पुरले असणार. कॉलेजमधे मला सांगायची, ‘साई, यांच्यावर आपल्याकडे फार कमी काम झालंय, तू पण ये ना.’ मी आलो, पंप घेऊन.

ती मागून आली. मी युनिफॉर्ममधे, हातात नोझल, तिच्या रिबिनींच्या मधे बसलेला. ती माझ्या बाजूला उकिडवी बसली आणि बघत राहिली. मी पण बघत राहिलो.

मग एका भुंगेऱ्याने मिशी बाहेर काढली.

खरं सांगतो ताई, एवढीशी मिशी. कोपरात वाकलेली. मग पुढचा एक पाय. मग उलटा होता तो सुलटा झाला आणि शेणात घुसला, जसं काही ऑफिसला उशीर होतोय. मग दुसरा. मग चारी बाजूंनी सगळे उठायला लागले. मी रडलो. रडलो म्हणजे नाकातून पाणी आलं, आणि हात शेणाचे, पुसता येईना.

संपदाने माझ्या पाठीवरच्या टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला. “साबण आहे नुसता,” ती म्हणाली. “साई. पाणी मारलंस तू?”

तेवढ्यात नाथाभाऊ आले, हातात न फोडलेली दवेची बाटली. त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि गप्प बसले. तो चष्मेवाला, अभिनव त्याचं नाव, म्हणाला, “भाऊ, भारी डोकं लावलंस! काकीपण खूश, किडेपण खूश.”

मला वाटलं आता सांगू. तेवढ्यात संपदा म्हणाली, “थँक्यू.” आणि माझ्याकडे बघितलं. तू तिला बघितलेलं नाहीस. बघितलं असतंस तर तूही गप्प बसली असतीस.

तर हे असं आहे. तिला वाटतं मी तिचे भुंगेरे वाचवले. मिनल मॅडमना तेच वाटतं, म्हणून बोलावलंय. संपदाशी रोज मेसेज चालू आहेत. काल तिने एक फोटो पाठवला, मुंग्यांच्या वारुळात राहणारा कुठल्यातरी देशातला विदूषक. मुंग्यांचाच वास अंगाला लावून घेतो म्हणे, आणि मुंग्या त्याला आपला समजून भरवतात. खाली तिने हसरा चेहरा टाकला होता. मी फोन पालथा ठेवला.

नाथाभाऊंना विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीत? म्हणाले, “बाई खूश होती, तू रडत होतास. मी मधे कशाला पडू? रोजचंच पाणी होतं ते. तू बघितलं नाहीस.”

सांगितलं तर ती जाईल, कॉलेजही जाईल. नाही सांगितलं तर दोन्ही राहतील, आणि तिने प्रत्येक वेळी ‘थँक्यू’ म्हटलं की मला उकिरडा दिसेल. तू काय करशील ते मला लिहू नकोस. मला माहीत आहे. तरी एक दोन दिवस दे.

समिधाच्या हत्तीला चार सोंडा आहेत. आईने फ्रिजवर लावलाय.

साईराज



मीरा रोड,
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

आधी पत्र नाकाला लावू नकोस. तीन वेळा आंघोळ केलीय, तरी हाताला वास आहे.

सांगितलं.

सोमवारी सुट्टी टाकली आणि डोंगरीला गेलो. उत्तनची बस फाट्यावर सोडते, तिथून चालत. संपदा समुद्राच्या बाजूला, कोळणी मासळी वाळवतात त्याच्या पलीकडे, वाळूत पेले पुरत होती. प्रत्येक पेल्याशेजारी आमिष म्हणून सडका बांगडा. वाळूतले विदूषक वेगळे असतात, उन्हात हिरवट निळी झाक मारते, ती मला तेच दाखवायला उठली. “बघ ना, याच्या पायांवर काटे बघ, वाळू खणायला.”

मी म्हटलं, “ते पाणी मी भरलं नव्हतं.”

“कुठलं पाणी?”

“तबेल्यातलं. मला वाटलं दवा आहे.”

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. मग माझं तोंड बघितलं.

“म्हणजे चुकून?”

इथे मला सुटायला जागा होती, ताई. चुकून म्हटलं असतं तर भागलं असतं. कामच होतं माझं, शेठने पाठवलं होतं. मी म्हटलं, “नाही. तुला त्या अभिनवबरोबर हसताना बघितलं. म्हणून तुझ्या रिबिनींवरच मारलं. पेल्यांत नोझल घालून.”

वारा होता, लांब कोळणी बोलत होत्या. मग ती वाकली आणि हातात जो आला तो बांगडा मला फेकून मारला. छातीत. तो फुटला. मग दुसरा. तिचा नेम चांगला आहे, हे मला माहीत नव्हतं. तिकडून एक कोळीण ओरडली, “अगो बाय, खाची मासली कशाला फेकतंस?” दुसरी म्हणाली, “नवरा असंल!” आणि सगळ्या हसल्या.

“नवरा नाही!” संपदा ओरडली. मग माझ्याकडे वळली. “माझ्या केसांत किडा अडकला होता, मूर्खा. हिस्टरच होता. अभिनव तो चिमट्याने काढत होता, पाय तुटू नये म्हणून. गुदगुल्या होत होत्या म्हणून हसत होते.”

मला इतकं बरं वाटलं की तोंडावर दिसलं असणार, कारण ती आणखी भडकली.

“हसू नकोस! आणि किडा नसता तर? त्याने माझ्या केसांत फुलं माळली असती तर? तर मारायचे होते का माझे किडे? तुला काय करायचंय माझ्या केसांशी?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मागे स्टूल, आता पंप. पुढच्या वेळी काय उचलणार आहेस?”

ताई, एरवी मी इथे उलटून बोललो असतो. तू मला ओळखतेस, ओठावर आलंच होतं की तुझ्यावर जीव आहे म्हणून होतं हे. पण बांगड्याचं पाणी शर्टातून आत चाललं होतं आणि तिचं सगळं खरं होतं. जीव आहे म्हणून मी तिच्या किड्यांचा जीव घ्यायला गेलो होतो. म्हटलं, “काही नाही उचलणार.” एवढंच.

ती बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हणाली, “मॅडमना मी सांगणार नाही. तू सांगायचंस.” मग फोन काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर मला ब्लॉक केलं. परत. आणि म्हणाली, “आता ती मासळी उचल. आमिष आहे ते, फुकट नाही आलं.”

मी वाळूतून बांगड्याचे तुकडे वेचले आणि एकेक पेल्याशेजारी ठेवले. ती कुठला तुकडा कुठे ते बोटाने दाखवत होती, बोलत नव्हती. परत येताना बसमधे माझ्या शेजारची सीट भाईंदरपर्यंत रिकामी राहिली. पण खरं सांगू? मी खिडकीतून बघत होतो आणि मला गाढ झोप लागली. तबेल्याच्या दिवसापासून पहिली.

बुधवारी मिनल मॅडमकडे गेलो. लॅबच्या कपाटाला माझ्या स्टुलाची खूण अजून आहे. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. मॅडम पेपर तपासत होत्या, मान वर केली नाही. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, “संपदाने सांगितलं तसं घडलं असतं तर टर्मचं मी बघितलं असतं. आता प्राचार्य बघतील. माझ्याकडून काय लिहून देते ते तुला दाखवणार नाही.”

म्हटलं, “बरं मॅडम.”

“त्या दिवशी उकिरड्यावर किती पाण्याने सोंग घेतलं त्यांनी? उठायला किती वेळ लागला? तू बघितलंस ना?”

मला नक्की सांगता येईना. मी म्हटलं, मोजलं नाही. रडत होतो, हे नाही सांगितलं.

“मग उपयोग काय तुझा,” मॅडम म्हणाल्या. आणि मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. “हा बघ कोण आहे.”

मी बघितलं. चपटा, इतका चपटा की बाजूने वळवला तर दिसेनासा होईल, जबडे पुढे आलेले. म्हटलं, “सालीखालचा. होलोलेप्टा असेल.” मॅडम म्हणाल्या, “असेल काय, रेघा मोज.” आणि परत पेपरात डोकं घातलं. मी मोजत बसलो. यावेळी खरंच रेघा बघितल्या. कोणी मला ऊठ म्हटलं नाही. शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “शुक्रवारी ये.” म्हणजे आज. आजच गेलो होतो. टर्मचं अजून काही ठरलं नाही, पण फुटलेल्या बरणीतले नमुने एका खोक्यात तसेच पडले होते, ते मला लावायला दिलेत. कोणाचा पाय कोणाला जोडायचा, हे ओळखायलाच दिवाळी जाईल.

तबेल्याचं ऐक. संपदाने शेवंतीकाकींना पटवलं की उकिरड्यावर दवा मारायची नाही, हे काळे माश्यांच्या अळ्या खातात. काकी म्हणाल्या, “मंग त्या टावरवाल्यांनाच पाठीव, अळ्या खातील.” पण ऐकलं. शेण आता पातळ पसरून सुकवतात. आम्ही फक्त गोठ्याच्या भिंतींना मारतो, दवा नाथाभाऊ स्वतः कालवतात. शेठ कुरकुरले, पण दिवाळीच्या गर्दीत त्यांना उकिरड्यासाठी वेळ नाही.

आता शेवटचं, आणि हे सांगायलाच बसलो होतो.

काल संध्याकाळी आम्ही एका बिल्डिंगच्या जिन्यात होतो. नाथाभाऊंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, मान हलवली, ‘हो मॅडम, हो मॅडम’ केलं आणि ठेवला. मग आपल्या त्या घोरणाऱ्या आवाजात म्हणाले, “ती किड्याची बाई. तुझ्यासाठी निरोप आहे.”

“काय?”

“रविवारी सकाळी सहाला वरसावे. गमबूट स्वतःचे आणायचे. पाण्याने भिजवल्यावर किडे किती वेळ पडून राहतात ते मोजायचंय, तर पंप आणायचा.” दवेची बाटली पिशवीत घातली. “साधं पाणी, म्हणाली. तीनदा म्हणाली.”

मी जिन्यातच बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, क्या हुआ बेटा, चक्कर आया क्या? म्हटलं, नहीं आंटी, मस्त हूँ.

ब्लॉक काढलेलं नाही. सारखा बघतोय. ती ‘हो’ म्हणालेली नाही आणि मी काही विचारलेलंही नाही, आणि रविवारीही विचारणार नाही. अभिनवपण येणार आहे, घड्याळ तो लावणार. येऊ दे. त्याच्याकडे चिमटा चांगला आहे.

भाऊबीजेला येतोय. ओवाळताना जरा लांबून ओवाळ, वास गेला नसेल. समिधासाठी काडेपेटीत एक विदूषक आणतोय, मेलेला. खरोखरचा मेलेला, मी दोन दिवस वाट बघून खात्री केलीय.

आणि ताई, त्या एका ओळीसाठी तुला नमस्कार. हा मात्र पाठ वाकवून.

तुझा,
पंपाचं झाकण उघडून, वास घेऊन, मगच उचलणारा
साईराज